नेत्यापर्यंत काय पोहोचते

संवादकौशल्य सुधारायचे ठरवले की बहुतेक जण बोलण्याकडे वळतात. व्यासपीठावर उभे कसे राहावे, आवाजात चढउतार कुठे आणावेत, हातवारे किती करावेत, भाषणाची सुरुवात गोष्टीने करावी की प्रश्नाने, याचे धडे देणारे वर्ग सगळीकडे चालतात आणि त्यांचा काहीच उपयोग नसतो असे मी म्हणणार नाही. चारचौघांत तोंड उघडताना ज्याच्या घशाला कोरड पडते त्याला हा सराव हवाच. पण ज्याच्या शब्दावर दुसऱ्यांचे काम आणि वेळ अवलंबून असतो, अशा माणसाची अडचण सहसा निराळी असते. त्याला बोलता येते. किंबहुना तो जरा जास्तच बोलतो. आपल्या बोलण्याचे पुढे काय होते आणि आपल्याकडे उलट काय येते, हे मात्र त्याला कळत नाही, आणि त्याचा प्रभाव कमी होऊ लागतो तो तिथे.

म्हणून एखाद्या नेत्याचे संवादकौशल्य जोखायचे झाले, तर तो काय बोलला यापेक्षा त्याच्यापर्यंत काय पोहोचते ते आधी पाहावे, असे माझे मत बनत गेले आहे. हाताखालची माणसे त्याला काय सांगतात, कधी सांगतात आणि काय सांगायचे टाळतात, यावरून त्याच्या शब्दाला किती वजन आहे याचा अंदाज त्याच्या भाषणापेक्षा लवकर येतो.

सांगण्याच्या बाजूने सुरुवात करू. 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला होता. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि दुसऱ्याने ते गाणे ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्ये सगळे एकदम चालू असते. समोरच्याच्या कानावर पडते ती नुसती टकटक. एखाद्या विषयावर कित्येक दिवस वरिष्ठांशी खल करून, पर्याय तपासून, त्यातले दोन-तीन निकालात काढून जो माणूस आपल्या टीमसमोर येतो आणि दहा मिनिटांत निर्णय सांगतो, त्याचीही गत हीच असते. त्याच्या डोक्यात सगळी चर्चा असते, ऐकणाऱ्यांच्या हाती शेवटचे वाक्य लागते. आणि मग ‘इतके स्पष्ट सांगूनही यांना कळत कसे नाही’ हा वैताग सुरू होतो.

या वैतागाचे सर्वांत महागात पडलेले उदाहरण बहुधा क्रिमियन युद्धातले असावे. 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लावाच्या लढाईत ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचवट्यावरून रणभूमी पाहत होते. काबीज केलेल्या तोफा रशियन सैनिक ओढून नेण्याच्या तयारीत आहेत असे त्यांना वाटले, आणि त्यांनी घोडदळाला लेखी आदेश धाडला: वेगाने पुढे जावे, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत. उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने या आदेशात संदिग्ध असे काहीच नव्हते. खाली दरीत असलेल्या घोडदळप्रमुख लॉर्ड लुकन यांना मात्र त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्यांना ठाऊक होत्या त्या दरीच्या दुसऱ्या टोकाला मांडलेल्या रशियन तोफा. कोणता शत्रू, कोणत्या तोफा, असे त्यांनी निरोप आणणाऱ्या कॅप्टन नोलन यांना विचारले, तेव्हा नोलन यांनी तिरीमिरीत दरीच्या दिशेने हात केला. दोघांचे एकमेकांविषयी मत काही चांगले नव्हते. पुन्हा खुलासा मागणे लुकन यांच्या मानी स्वभावाला जड गेले असणार. सुमारे 670 घोडेस्वार समोर आणि दोन्ही बाजूंना तोफा असलेल्या त्या दरीत शिरले आणि त्यांपैकी शंभराहून अधिक मारले गेले. नोलनही पहिल्या काही क्षणांतच पडले. या सगळ्यात आदेशाचा ‘ध’ चा ‘मा’ कुणीही केला नव्हता. कागदावरचा शब्दन् शब्द जसाच्या तसा पोहोचला होता. पोहोचले नव्हते ते वरून दिसणारे दृश्य.

काम सोपवताना हे दृश्यही सोबत द्यावे लागते. हे काम का निघाले, ते झाल्यावर काय बदललेले दिसायला हवे, कशाला हात लावायचा नाही आणि परिस्थिती बदललीच तर कोणत्या गोष्टीला प्राधान्य द्यायचे, एवढे चार वाक्यांत सांगता येते. या चार वाक्यांना वेळ नाही म्हणणारी माणसे पुढे तोच वेळ दुरुस्त्या करण्यात घालवताना मी पाहिली आहेत.

आणि सांगून झाल्यावर ‘कळले का?’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज दुसरे उत्तर कुणी देत नाही. मी ज्यांच्या हाताखाली बराच काळ काम केले ते एक वरिष्ठ बैठक संपताना पेनाला टोपण लावायचे, वही मिटून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, “आता हे तुम्ही तुमच्या लोकांना कसं सांगणार, ते मला सांगून दाखवा. तुमची परीक्षा घेत नाहीये. मी नीट बोललो का, ते बघतोय.” शेवटचे वाक्य ते कधी विसरत नसत, आणि त्यामुळे सांगून दाखवणाऱ्याला शाळकरी पोरासारखे उभे राहिल्याचा कमीपणा वाटत नसे. एकदा ‘शुक्रवारी द्यायचे’ एवढ्याच सूचनेचे आम्ही तिघांनी तीन अर्थ सांगितले. एकाच्या समजुतीप्रमाणे शुक्रवारी सकाळी काम ग्राहकाच्या हाती पडायला हवे होते. दुसऱ्याच्या मते ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आमच्याकडून निघाले तरी पुरे होते. आणि मी शुक्रवारी वरिष्ठांना पहिला मसुदा दाखवण्याच्या तयारीत होते. ते हसले, वही पुन्हा उघडली, तारखेपुढे वेळ आणि नाव लिहिले, आणि त्यानंतर आमच्या कामाच्या यादीत वेळ आणि नाव नसलेली तारीख कधी आली नाही.

इथवरचा भाग तुलनेने सोपा आहे. सवय लावून घेतली की जमतो. अवघड असते ती परतीची वाट, म्हणजे खालून वर येणारा निरोप. त्याचे गांभीर्य जगाला ज्या घटनेने सर्वांत कठोरपणे शिकवले ती घडली 27 मार्च 1977 रोजी, टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर. दाट धुक्यात एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग 747 विमाने होती. केएलएमच्या विमानाचा कॅप्टन साधासुधा नव्हता. कंपनीत 747 चालवण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या विभागाचा तो प्रमुख होता. त्याने एकदा घाईने इंजिनांची ताकद वाढवली, तेव्हा सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाची परवानगी अजून आलेली नाही, याची आठवण करून दिली. थोड्या वेळाने उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी आली, उड्डाणाची नव्हे. कॅप्टनने मात्र विमान धावपट्टीवर दौडवायला सुरुवात केली. या वेळी सहवैमानिक त्याला पुन्हा अडवू शकला नाही. त्याने नियंत्रण कक्षाला आपण उड्डाण करत असल्याचा मोघम निरोप दिला, आणि तिकडून ‘थांबा’ म्हणून आलेले शब्द व पॅन ॲमचा इशारा नेमके एकाच वेळी आल्याने रेडिओवर नीट ऐकू आले नाहीत. विमान वेग घेत असताना मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲमचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही काय, असे त्याने विचारले. कॅप्टनने ठामपणे ‘झाले आहे’ असे सांगितले. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे गेली.

त्या अपघाताची कारणे अनेक होती: धुके, अनोळखी विमानतळ, कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाण्याची भीती, रेडिओवरचा गोंधळ. पण माझे लक्ष दर वेळी त्या फ्लाइट इंजिनिअरच्या प्रश्नाकडे जाते. त्याच्याजवळ योग्य माहिती होती, योग्य वेळी होती, आणि ती त्याने बोलूनही दाखवली. फक्त तो ती प्रश्नाच्या रूपात बोलला. ‘थांबवा’ असे तो म्हणाला नाही. आपल्या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या अधिकारी माणसाला, तो इतक्या खात्रीने बोलत असताना, थांबवा म्हणणे किती जणांना जमेल? प्रभावी नेता म्हणून आपण ज्या गुणांचे कौतुक करतो, ती खात्री, तो ठामपणा, तो दबदबा, ते सगळे त्या कॅप्टनकडे होते.

विमान वाहतूक क्षेत्राने यातून जे बदल केले, ते कोणत्याही टीमच्या प्रमुखाने पाहण्यासारखे आहेत. एक बदल शब्दांचा होता: ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, आणि आलेली महत्त्वाची सूचना वैमानिकाने उलट म्हणून दाखवायची. दुसरा बदल माणसांचा होता. नासाने 1979 साली घेतलेल्या कार्यशाळेतून आणि 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने सुरू केलेल्या प्रशिक्षणातून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ ही पद्धत उभी राहिली. तिच्यात कनिष्ठांना शंका टप्प्याटप्प्याने अधिक स्पष्ट शब्दांत मांडायला शिकवतात हे खरे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती तिची दुसरी बाजू: कॅप्टनलाही शिकायला बसवले गेले. कनिष्ठ बोलत नाहीत ही कनिष्ठांची उणीव म्हणून सोडून न देता, त्यांना बोलते करणे हा कॅप्टनच्या कामाचाच भाग ठरवला गेला. आपल्या कार्यालयांत मात्र ‘माझे दार कायम उघडे आहे’ असे एकदा जाहीर केले की बहुतेक प्रमुखांना आपली जबाबदारी संपल्यासारखे वाटते.

शस्त्रक्रियागृहातही अशीच उतरंड असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक तपासणी यादी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, उपकरणांची मोजणी अशा अपेक्षित गोष्टींबरोबर एक मुद्दा असा आहे की पहिला छेद घेण्यापूर्वी तिथल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे. आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले. हे श्रेय अर्थातच एकट्या नाव सांगण्याला देता येणार नाही. तरीही ज्याने सुरुवातीला आपले नाव मोठ्याने उच्चारले आहे, तो अडचणीच्या क्षणी तोंड उघडण्याची शक्यता वाढते, हे बैठका चालवणाऱ्या कुणालाही पटेल. पहिल्या दहा मिनिटांत जो एक शब्दही बोललेला नसतो, तो सहसा शेवटपर्यंत बोलत नाही.

बोलते करणे म्हणजे नेमके काय करायचे? बरेच काही प्रश्नाच्या ठेवणीवर अवलंबून असते. आढावा बैठकीतला हा प्रसंग कुणालाही ओळखीचा वाटेल. प्रमुख घड्याळाकडे पाहत विचारतात, “मुदतीत होईल ना?” काम पाहणारा तरुण क्षणभर शेजारच्याकडे बघतो, समोरच्या कागदाचा कोपरा दुमडतो आणि म्हणतो, “हो, होऊन जाईल.” प्रमुख पुढच्या विषयाकडे वळतात. त्या क्षणभराच्या थांबण्यात आणि दुमडलेल्या कोपऱ्यात सगळी माहिती होती; पण प्रश्नच असा टाकला होता की नकार देणे म्हणजे उद्धटपणा ठरावा. त्याच तरुणाला “यात अडकेल असं तुला काय वाटतं?” एवढे विचारून थोडे गप्प राहिले असते, तर पुरवठादाराचे उत्तर अजून आलेले नाही आणि चाचणी करणारी व्यक्ती पुढच्या आठवड्यात रजेवर आहे, हे दोन्ही त्याने सांगितले असते. गप्प राहण्याचा भाग अनेकांना सर्वांत कठीण जातो. प्रश्न विचारून दोन सेकंदांत उत्तर आले नाही की ते स्वतःच उत्तर द्यायला लागतात, आणि मग ‘आमच्याकडे कुणी बोलतच नाही’ अशी तक्रार करतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे वाईट बातमी आल्यावर चेहऱ्यावर काय उमटते. हार्वर्डच्या ॲमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतील गटांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या गटांचे नेतृत्व चांगले होते त्यांच्याकडे औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. पुढे उलगडा झाला तो असा की तिथे चुका जास्त होत होत्या असे नाही, त्या बोलून दाखवण्याची भीती कमी होती. ज्या प्रमुखाकडे महिनोन् महिने एकही अडचण येत नाही, त्याच्या विभागाचे कौतुक करण्यापूर्वी मला हा अभ्यास आठवतो. अडचण घेऊन आलेल्या माणसाला प्रमुखाने दिलेले पहिले वाक्य खोलीबाहेर जाते, जेवणाच्या सुटीत सांगितले जाते, आणि पुढचा माणूस आपली अडचण घेऊन आत यावे की नाही हे त्यावरून ठरवतो. “आधी का नाही सांगितलं?” हे वाक्य कितीही रास्त असले तरी पहिले नसावे. “बरं झालं सांगितलंस, आता आपल्या हातात किती वेळ आहे?” असे विचारून कामाला लागावे; उशीर का झाला, याची चौकशी दुसऱ्या दिवशीही करता येते.

नेत्यांच्या वक्तृत्वाचा विषय निघाला की अब्राहम लिंकन यांच्या गेटिसबर्ग येथील 1863 च्या भाषणाचा दाखला हमखास येतो: आधीचे वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले, लिंकन जेमतेम 270 शब्द बोलले, आणि लक्षात राहिले ते लिंकनच. दाखला खरा आहे, पण त्यातून ‘थोडक्यात बोला’ एवढाच बोध घेणे मला अपुरे वाटते. हेच लिंकन अध्यक्ष असताना ठरावीक वेळी सामान्य माणसांना भेटत असत. नोकरी मागणारे, तक्रारी घेऊन आलेले, सैनिकांच्या आया, जो येईल त्याचे ऐकत. त्या भेटींना ते लोकमताचे स्नान म्हणत. युद्धकाळात ते तारघरात जाऊन बसत आणि आघाडीवरून आलेल्या तारा स्वतः वाचत. इतके ऐकणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसाला आपल्या श्रोत्यांना काय सांगायला हवे हे 270 शब्दांत गवसले, तर त्यात वक्तृत्वाइतकाच त्या ऐकण्याचाही वाटा असावा, असे मला वाटते.

जाता जाता देहबोलीविषयी. संवादाचा 55 टक्के परिणाम देहबोलीचा, 38 टक्के आवाजाचा आणि शब्दांचा फक्त 7 टक्के, हे आकडे प्रशिक्षणवर्गांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिले जातात की ते निसर्गनियम वाटावेत. ते आले अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांतून. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या आवडी-नावडीविषयी ऐकणाऱ्यांचा अंदाज विचारला होता. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे ते लागू करू नयेत, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. शब्दांचे मोल खरोखरच 7 टक्के असते, तर परक्या भाषेतली बैठकही आपल्याला जवळजवळ पूर्ण समजायला हवी होती.

शब्दांवर मेहनत घ्यायची तर ती लिहिण्यात अधिक घ्यावी. 9 ऑगस्ट 1940 रोजी, ब्रिटनवर हवाई हल्ले चालू असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी सरकारी अहवाल आखूड ठेवण्याविषयी एक टिपण काढले. मुख्य मुद्दे लहान, नेमक्या परिच्छेदांत मांडा, आकडेवारी परिशिष्टात टाका, पोकळ शब्दप्रयोग गाळा, असे त्यात बजावले होते. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 साली वरिष्ठांच्या बैठकीतली पॉवरपॉइंट सादरीकरणे बंद करून पूर्ण वाक्यांतली टिपणे मागवायला सुरुवात केली, आणि बैठकीच्या आरंभी सगळे ती शांतपणे वाचू लागले. या दोन्ही पद्धतींत मला आवडते ते हे की लिहिणाऱ्याला आपला विचार कुठे लंगडा आहे ते आधी दिसते, आणि मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला मिळणारा आयता फायदा कमी होतो. ज्याला पटकन बोलणे जमत नाही त्याचे टिपणही तेवढ्याच काळजीने वाचले जाते. याच हेतूने, महत्त्वाचा निर्णय असेल तर मी सगळ्यांकडून दोन-चार ओळींत लेखी मत आधी मागवते आणि बैठकीत स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगते. प्रमुखाने आधी मत सांगितले की उरलेली चर्चा त्या मताभोवतीच फिरते.

राहता राहिला तो सर्वांचे ऐकून घेतल्यानंतरचा भाग, आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. सर्वांचे ऐकले तरी निर्णय एकच घ्यावा लागतो, आणि ज्यांची सूचना स्वीकारली गेली नाही त्यांना नुसता निर्णय कळवला तर ‘विचारले कशाला मग?’ असे त्यांना वाटते. पुढच्या वेळी ते लेखी मतही मोघमच देतात. त्यामुळे निर्णयाच्या टिपणात मी एक परिच्छेद वेगळा ठेवते: कोणत्या सूचना आल्या होत्या, त्यांपैकी कोणती का घेतली नाही, आणि परिस्थिती कशी बदलली तर ती पुन्हा विचारात घेतली जाईल. सूचना देणाऱ्याला हे टिपण सर्वांकडे जाण्याआधी प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून सांगते. या भेटी फार सुखाच्या नसतात. काही जण वाद घालतात, काही जण कोरडे ‘ठीक आहे’ म्हणतात, आणि क्वचित एखादा असा मुद्दा काढतो की टिपण पुन्हा लिहावे लागते.